संप्रेरकांचे ग्राही

संप्रेरके रक्तावाटे शरीरभर फिरतात, परिणाम मात्र ठरावीक अवयवांवरच घडवतात. अंडाशयात तयार होणारे इस्ट्रोजेन स्नायूंपर्यंतही पोहोचते, पण त्याने झपाट्याने वाढते ते गर्भाशय. असे का, याचे उत्तर १९५०च्या दशकात विकरांच्या क्रियेत शोधले जात होते. इस्ट्रोजेनचे रासायनिक रूपांतर होत असतानाच त्याचा परिणाम घडतो, असा समज होता.

शिकागो विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ एलवुड जेन्सेन यांनी प्रश्नच उलटा केला : संप्रेरक ऊतींचे काय करते हे राहू द्या, ऊती संप्रेरकाचे काय करतात? अडचण मात्रेची होती. इस्ट्रोजेन इतक्या अत्यल्प प्रमाणात काम करते, की नेहमीच्या परीक्षणात ते हाती लागत नसे. जेन्सेन व हर्बर्ट जेकबसन यांनी इस्ट्राडायोलच्या रेणूत ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी समस्थानिक बसवला आणि वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना तो टोचला. रक्त, यकृत व स्नायूंतील किरणोत्सार लवकर ओसरला. गर्भाशयात तो कितीतरी तास टिकला. शिवाय तेथून परत मिळालेले इस्ट्राडायोल जसेच्या तसे होते. रूपांतराची कल्पना तेथेच निकालात निघाली. १९५८ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत हे मांडले गेले, तेव्हा मात्र फारसे कोणी फिरकले नाही.

संप्रेरकाला धरून ठेवणारा हा पदार्थ प्रथिन असल्याचे डेव्हिड टॉफ्ट व जॅक गोर्स्की यांनी १९६६ मध्ये दाखवले. संप्रेरक जोडले गेले, की या ग्राहीचे रूप पालटते, तो डीएनएवर नेमक्या जागी बसतो आणि जनुके कार्यरत होतात. त्याचे जनुक १९८६ मध्ये वेगळे करण्यात आले.

उंदरांवरील या प्रयोगांचा लाभ रुग्णांना मिळाला. स्तनाचा कर्करोग पसरलेल्या स्त्रियांची अंडाशये किंवा अधिवृक्क ग्रंथी त्या काळी काढून टाकीत. गुण येई तो साधारण तिघींपैकी एकीला. बाकी दोघींना एवढी मोठी शस्त्रक्रिया व्यर्थ सोसावी लागे. ज्या गाठींत ग्राही फार कमी, त्या या उपचाराला क्वचितच दाद देतात, हे जेन्सेन यांनी १९७१ च्या सुमारास दाखवले आणि निवड आधीच करता येऊ लागली. पुढे ग्राहीची जागा अडवणारे टॅमॉक्सिफेन आले. अमेरिकेत त्याला १९७७ मध्ये मान्यता मिळाली. आता गाठीच्या तुकड्यावर प्रतिपिंडांच्या साहाय्याने ग्राही तपासतात. तपासणीच्या अहवालात 'ईआर पॉझिटिव्ह' वा 'ईआर निगेटिव्ह' असे लिहिलेले असते, ते या ग्राहीविषयीच.