जोडा, वहाण आणि मंगलकार्य : पुरुषांच्या पादत्राणविषयक शिष्टाचाराचा एक विचार

विवाह, मुंज, साठीशांत अशा घरच्या मंगलकार्यास पुरुषाने पायात काय घालून जावे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पगडी, अंगरखा, उपरणे यांचा विचार आपल्याकडे थोडाफार झाला. पायांपर्यंत अभ्यासकाची दृष्टी क्वचितच उतरली. तथापि जी वस्तू उंबरठ्याबाहेर ठेवावी लागते आणि जिचा नुसता उच्चारही भांडणात शिवीचे काम करतो, त्या वस्तूविषयीचे संकेत हे समाजाच्या उच्चनीचतेच्या कल्पना जाणण्याचे चांगले साधन असले पाहिजे. स्वागतसमारंभास चपला घालून गेल्यास यजमानाचा अवमान होतो की नाही, अशी चर्चा आजही घरोघर होते. या चर्चेतील दोन्ही पक्ष असे गृहीत धरतात की, औपचारिक व अनौपचारिक हा भेद पादत्राणाच्या जातीतच आहे. हे गृहीत येथे तपासावयाचे आहे. आमच्या मते हा भेद मुळात जागेचा होता. पादत्राणाच्या जातीला तो चिकटला एकोणिसाव्या शतकात, आणि तो चिकटविण्यात सरकारी कचेरीचा वाटा मोठा आहे.

प्रथम धर्मशास्त्राकडे पाहू. ब्रह्मचाऱ्याने उपानह व छत्र वर्ज्य करावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. उलट आश्वलायन गृह्यसूत्रात समावर्तनाच्या साहित्यात कुंडले, वस्त्रे, छत्र व दंड यांबरोबर उपानहांची जोडी येते. आपल्याकडील सोडमुंजीत बटू जोडा घालून व छत्री घेऊन काशीयात्रेस निघतो आणि मामा त्यास मुलगी देण्याचे आमिष दाखवून परत फिरवितो, तो याच विधीचा अवशेष होय. त्रैवर्णिकांपुरते का होईना, पण जोडा हे येथे गृहस्थाश्रमाच्या अधिकाराचे चिन्ह आहे. घरच्या कार्यात त्यास स्थान आहे, ते मात्र वाटेवर. बटू मागे फिरला की जोडा पुन्हा दाराशी सुटतो.

मराठीतील शब्दच पाहिले तर पादत्राणांची एक उतरंड दिसते. शेतात व रानात वापरावयाची ती वहाण किंवा पायतण; संभाविताने बाहेर पडताना घालावयाचा तो जोडा, आणि त्यातही लाल कातड्याचा पुणेरी जोडा विशेष मानाचा. घरगुती सपाता हा शब्द पोर्तुगीजांच्या संसर्गाने आला. सोवळ्यातल्यांसाठी लाकडी खडावा होत्या. ही उतरंड खरी असली तरी ती कोठे पारखली जात असे, हे ध्यानात घेतले पाहिजे. ती पारखली जाई रस्त्यावर, वरातीत, सोयऱ्याच्या दारापर्यंतच्या चालीत. मुलीचे स्थळ पाहताना बापाचे जोडे झिजतात, ही म्हणण्याची रीतही वाटेचीच आहे. मांडवात शिरल्यावर वर काय आणि वऱ्हाडी काय, सर्व अनवाणी. वराचे पाय वधूचे आईबाप धुतात, सप्तपदी अनवाणी पायांनीच चालावयाची, आणि पंगत तर पाटावर. जोडे घालून जेवणे ही कल्पनाच अमंगळ होती. अशा व्यवस्थेत कार्यस्थळी कोणते पादत्राण शोभेल, हा प्रश्न उद्भवतच नाही. उद्भवे तो इतकाच की, परत निघताना आपला जोडा जागेवर सापडेल काय! लग्नाला मुद्दाम जुन्या वहाणा घालून जाणारे सद्गृहस्थ आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्या अनौपचारिकतेचे कारण तत्त्वज्ञानात शोधू नये.

आता कचेरीकडे वळू. गव्हर्नर जनरल अ‍ॅम्हर्स्ट याच्या कारकिर्दीत (१८२३–१८२८) एतद्देशीयांनी आपल्यासमोर येताना जोडे काढावेत, असा आग्रह धरण्यात आला. परंतु त्याचे पालन कडकपणे झाले नाही. डलहौसीच्या काळी (१८४८–१८५६) या ‘जोड्याच्या आदरा’स कडक रूप आले. सरकारी इमारतीत शिरताना एतद्देशीयांनी जोडे बाहेर ठेवावेत, युरोपीय पोशाख करणाऱ्यांस मात्र सूट असावी, असा हा दंडक होता. या सुटीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. आदर जर अनवाणीपणात असेल तर तो सर्वांस सारखा लागू व्हावा. येथे मात्र माणूस तोच, फरशी तीच आणि अधिकारीही तोच. केवळ पोशाख कोणत्या देशाचा यावर त्याने उंबरठा कसा ओलांडावा हे ठरू लागले. जो देशी जोडा कालपर्यंत संभावितपणाची खूण होता, तो एका निर्बंधाने सभेस अयोग्य ठरला, आणि विलायती बूट सभेस योग्य ठरला.

या दंडकाची कसोटी १८६२ साली मुंबई इलाख्यातच लागली. सुरतेच्या फौजदारी अदालतीतील असेसर माणेकजी कावसजी एंटी यांनी सत्र न्यायाधीशाच्या न्यायालयात जोडे काढण्याचे नाकारले. वरिष्ठांस मान देण्याची तुमच्याच देशाची ही रीत आहे, असे न्यायाधीशाचे म्हणणे होते. माणेकजींस प्रवेश नाकारण्यात आला आणि त्यांनी मुंबईच्या गव्हर्नराकडे निषेधाचे पत्र धाडले. पुढे जो वाद झाला त्यातील एतद्देशीयांचा युक्तिवाद फार मार्मिक आहे. घरात व देवळात आम्ही जोडे काढतो त्याची कारणे दोन : एक तर रस्त्याची घाण, कारण घरात आम्ही जमिनीवर बसतो, आणि दुसरे चामड्याचा विटाळ. न्यायालय हे घरही नव्हे आणि देऊळही नव्हे. म्हणजे नियम जागेचा आहे, व्यक्तीच्या मोठेपणाचा नाही, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. सरकारने घरातली रीत कचेरीत नेली होती. तिला एतद्देशीयांनी घरातच राहू द्या म्हटले. न्यायालयात जोड्यांस मोकळीक मिळण्यास त्यानंतरही बरीच वर्षे लागली.

कचेरीतला हा मानदंड मग घरी कसा आला? आमच्या समजुतीने तो खुर्चीच्या मार्गाने आला. कचेरीत बूट घालून बसण्याची सवय झालेला मनुष्य घरच्या बिछायतीवर बूट काढून बसत असे, तोवर दोन जगे निराळी राहिली. पुढे मांडवाच्या जागी कार्यालय आले, बिछायतीच्या जागी खुर्च्यांच्या रांगा आल्या, आणि विवाहविधीस स्वागतसमारंभाची जोड मिळाली. या समारंभास धर्मशास्त्रात आधार नसल्यामुळे त्यास स्वतःचा पायंडाही नव्हता; त्याने तो कचेरीतून व क्लबातून उसना घेतला. वराच्या पोशाखात सूटबूट हा जोडशब्दच होऊन बसला. पाटावरची पंगत टेबलखुर्चीवर गेली आणि पुढे तर उभ्याने जेवण्याची रीत आली. ज्या क्षणी जेवणाऱ्याच्या पायात पादत्राण राहिले, त्या क्षणी ते कोणत्या जातीचे आहे हे पाहण्याजोगे झाले. चपला शोभतात की नाही हा वाद या टप्प्यावरचा आहे. परंपरेचा म्हणून जो पक्ष चपलांस नावे ठेवतो, त्याची परंपरा फार जुनी नाही.

याच्या उलट दिशेचा प्रवाह विसाव्या शतकात दिसतो. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर गांधीजी चपला करण्यास शिकले. त्यांनी स्वतः केलेला एक जोड १९१४ साली जनरल स्मट्सला दिला आणि स्मट्सने तो १९३९ साली परत धाडला, ही हकीकत प्रसिद्धच आहे. नोव्हेंबर १९३१ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यातील समारंभास ते पंचा व चपला अशा वेषात गेले, तेव्हा डलहौसीच्या दंडकाचे एक वर्तुळ पुरे झाले असे म्हणता येईल. खादीबरोबर चपलेस प्रतिष्ठा आली, आणि लग्नात सदरा व चप्पल घालणारा मनुष्य गबाळा न ठरता ध्येयवादी ठरू लागला.

परंतु हा प्रवाह सर्वांस सारखाच मोकळेपणा देणारा होता, असे मानता येत नाही. ज्यांस पादत्राण घालण्याचाच अधिकार नव्हता त्यांचे काय? अनेक खेड्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या पुरुषास वरच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. या निर्बंधाचा एक स्पष्ट पुरावा महाराष्ट्राबाहेरचा, मद्रास इलाख्यातील आहे. १९३० साली रामनाड जिल्ह्यात कळ्ळर लोकांनी आदिद्रविडांवर आठ निर्बंध घातले. त्यांत पुरुषांनी ऊनपावसात छत्री वापरू नये व वहाणा घालू नयेत, असे एक कलम होते. छत्र आणि उपानह! समावर्तनात स्नातकास जे दोन अधिकार समारंभपूर्वक दिले जातात, तेच दोन येथे एका समाजास नाकारले गेले आहेत. हा योगायोग नसावा. कलमे घालणाऱ्यांनी गृह्यसूत्र वाचलेले असण्याचे कारण नाही. पण डोक्यावर सावली आणि पायाखाली चामडे असणे म्हणजे स्वतःच्या पायावर उभा असलेला गृहस्थ असणे, ही जाण दोन्हीकडे एकच आहे. पायातली वहाण पायातच बरी, ही म्हण वहाणेविषयी नाही, हे सांगावयास नकोच.

या पार्श्वभूमीवर डॉ. आंबेडकरांच्या सूटबुटाकडे पाहिले पाहिजे. गांधीजींनी चप्पल पत्करली ती बुटाचा अधिकार असताना. ज्याच्या आजोबास पायतण हातात घेऊन चालावे लागले, त्याने मुलाच्या लग्नात चकाकणारा बूट घालण्याचा हट्ट धरला तर त्यात विलायतीचे अनुकरण शोधणे हे आमच्या मते अपुरे वाचन होईल. आणि जो चर्मकार समाज सर्वांच्या पायांची सोय करीत आला, त्याच्या कारागिरीस मंगलकार्यात स्थान किती, हाही प्रश्न यातच गुंतलेला आहे. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याची, वादीने शिवलेली कोल्हापुरी चप्पल आज झब्ब्याबरोबर वराच्याही पायात दिसते. तिला २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन पेढीने पुरुषांच्या पोशाखांच्या प्रदर्शनात तिच्यासारखी पादत्राणे मांडली, तेव्हा मूळ कारागिरांचा उल्लेख नसल्याबद्दल येथून निषेध झाला. कालची रानातली वहाण आज समारंभाची झाली. तिचे कातडे, तिची शिवण व तिचा आकार यांत असा कोणता बदल झाला की ज्याने हा पालट समजावा?

या विषयाच्या अभ्यासास एक साधन अद्याप जवळजवळ अस्पर्शित आहे, त्याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावेसे वाटते. जुन्या घरांतून विवाहप्रसंगीची समूहछायाचित्रे भिंतीवर असतात. पहिल्या रांगेत वडीलधारे पुरुष खुर्च्यांवर बसलेले, मागे तरुण उभे आणि पुढे मुले जमिनीवर. खुर्च्यांखाली बहुधा घरातलीच सतरंजी अंथरलेली असते, आणि तिच्यावर वडीलधाऱ्यांचे पाय जोड्यांसह टेकलेले असतात. त्याच सतरंजीवर एरवी कोणी जोडे घालून पाऊल ठेवले नसते. छायाचित्रांवर साल लिहिलेले असल्यास ते आणि घराण्याची जात व व्यवसाय टिपून, कोणाच्या पायात पुणेरी जोडा, कोणाच्या बूट, कोणाच्या चपला व कोण अनवाणी, याची नुसती मोजदाद जरी झाली, तरी वरील विधानांपैकी कोणती टिकतात हे पाहता येईल.