थेऊर ते मद्रास : क्षयाला घरात बसून हरवल्याची गोष्ट

(पोस्ट मोठी आहे, पण पाच मिनिटं काढून वाचा.)

अष्टविनायकाला निघालो की आपण थेऊरला थांबतोच. चिंतामणीच्या याच थेऊरात १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव पेशवे गेले. पानिपतानंतर खचलेलं राज्य त्यांनी पुन्हा उभं केलं होतं. वय फक्त २७. त्यांना कोणत्या लढाईने नाही, राजयक्ष्म्याने नेलं. म्हणजे आपण ज्याला टीबी म्हणतो, तोच क्षय.

त्यानंतर ११४ वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी गेल्या. वयाची २२ वर्षंही पूर्ण नव्हती. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या, कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही झाली होती. त्यांनाही क्षयच.

या दोन मृत्यूंच्या मधे एक मोठी गोष्ट घडली होती. २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. म्हणजे आनंदीबाईंच्या काळात शत्रू कोण ते कळलं होतं. पण औषध नव्हतं.

हा जंतू करतो काय? आपली श्वासनळी झाडासारखी असते, फक्त उलटी. खाली फांद्या फुटत जातात आणि टोकाला कोट्यवधी वायुकोश, म्हणजे हवेचे बारीक फुगे. त्यांची भिंत इतकी पातळ की हवेतला प्राणवायू तिच्यातून थेट रक्तात जातो. रुग्ण खोकला की जंतू हवेत येतो आणि दुसऱ्याच्या श्वासातून या फुग्यांपर्यंत पोचतो. शरीरातल्या पेशी त्याला गिळतात, पण तो मरेलच असं नाही. मग शरीर त्याच्याभोवती कुंपण घालतं. अनेकांच्या बाबतीत तो तिथेच आयुष्यभर गप्प पडून राहतो. प्रतिकारशक्ती ढासळली की कुंपण तुटतं, फुफ्फुसाला पोकळ्या पडतात. मग खोकला, ताप, वजन घटणं, बेडक्यात रक्त.

औषध नाही, तर करायचं काय? मोकळी हवा, विश्रांती, चांगलं अन्न. त्यासाठी गावाबाहेर सॅनेटोरियम उभी राहिली. आपल्याकडे मिरजेजवळची वानलेसवाडी त्यातलीच. पण गरिबाला तिथे खाट मिळणार कधी, आणि तो महिनोन्‌महिने घर सोडून राहणार कसा?

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. तरी प्रश्न उरलाच : खाटा कुठून आणायच्या? याचं उत्तर आपल्या देशाने दिलं. १९५६ मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. डॉ. वॉलेस फॉक्स त्याचे प्रमुख. १९३ गरीब रुग्ण घेतले. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना घरीच. औषधं दोघांना तीच, वर्षभर. घरच्यांची खोली दाटीची, जेवण बेताचं, कामाची दगदग जास्त. गोळ्या खरंच घेतल्या का, हे लघवी तपासून बघायचे.

१९५९ मध्ये निकाल आला. घरचे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले होते. आणि घरी उपचार घेतले म्हणून कुटुंबातल्या माणसांना लागण जास्त झाली, असंही दिसलं नाही. जगाने सॅनेटोरियम बंद करायला घेतली, त्यामागे या निकालाचा मोठा वाटा आहे.

आता मुद्द्याचं. हे सिद्ध होऊन साठ वर्षांहून अधिक काळ झाला, तरी आजही आपल्याकडे टीबीच्या माणसाचं ताट-वाटी वेगळं काढतात. अहो, हा रोग ताटातून नाही, हवेतून पसरतो! मुलीचं लग्न मोडेल म्हणून आजार लपवतात. दोन महिन्यांत बरं वाटलं की गोळ्या सोडतात. उरलेले जंतू मग त्याच औषधांना दाद देईनासे होतात. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आजही भारतात आहे.

दोन आठवड्यांवर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन बेडका तपासून घ्या. तपासणी फुकट, औषध फुकट, शिवाय पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात. साधा टीबी असेल तर कोर्स बहुतेक वेळा सहा महिन्यांचा. तो मधे सोडू नका.

माधवरावांकडे अख्खं राज्य होतं, पण ही गोळी नव्हती. आपल्याला ती घरबसल्या मिळते. लपवण्यासारखं यात काय आहे?

शेजारी कुणी खोकत असेल तर त्याला टाळू नका. सोबत दवाखान्यात जा.