नागपाड्याची टोपली

पेण, रोहा हा कबड्डीचा मुलूख. तिथून रेल्वेने गाठायच्या मुंबईत, नागपाड्याच्या दाटीत मात्र पोरांच्या हाती बास्केटबॉल आला, आणि त्याची वाट चर्चमधून गेली आहे.

डिसेंबर 1891. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. तो धर्मशास्त्र शिकलेला होता. त्याच्या 13 नियमांत धक्का, ओढाओढ, पाय घालणं निषिद्ध. पंच दोन: एकाची नजर चेंडूवर, दुसऱ्याची फक्त माणसांवर. एका संघाने लागोपाठ तीन फाऊल केले, तर गोल समोरच्यांना! वागणं थेट गुणफलकावर मोजणारा हा नियम आजही दाद द्यावी असाच आहे.

अमेरिकन मराठी मिशन मुंबईत 1813 पासून होतं. त्या मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी 1920 च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाऊस उभं केलं आणि तिथे पोरांच्या हाती बास्केटबॉल आला. वस्ती मुसलमान, ज्यू, हिंदू अशी मिश्र. मॅनशार्ट यांचा भर धर्मांतरावर नव्हे, सेवेवर होता. पुढे 1936 मध्ये टाटांच्या समाजकार्य शाळेचे ते पहिले संचालक झाले.

याच नागपाड्यातून अब्बास मुंतसिर भारताच्या बास्केटबॉल संघाचे कर्णधार झाले. 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. ख्रिस्ती शिक्षकाने मांडलेला खेळ मुसलमान मोहल्ल्याने आपला मानला, तो असा.