इंजिनाचा पट्टा आणि त्याचा बिघाड ओळखण्याची रीत

मोटारगाडीच्या इंजिनावरचे पट्टे दोन प्रकारची कामे करतात. बाहेरचा पट्टा क्रँकशाफ्टच्या पुलीवरून पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो किंवा आल्टरनेटर फिरवतो. गॅरेजमध्ये त्याला आजही फॅन बेल्ट म्हणतात. आतला दात्यांचा पट्टा क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांची चाल एकमेकींशी जुळवून ठेवतो. तो टायमिंग बेल्ट. पहिला तुटला तर गाडी थोड्या अंतरात तापून थांबते, दुसरा तुटला तर इंजिन त्याच क्षणी बंद पडते. सव्वाशेहून अधिक वर्षांत या पट्ट्यांचा आकार, साहित्य आणि जबाबदारी अनेकदा बदलली आणि त्याबरोबर बिघाड ओळखण्याची रीतही बदलत गेली. म्हणून जुन्या गाडीचा पट्टा तपासताना तो कोणत्या पिढीतला आहे हे आधी समजून घ्यावे लागते. एका पिढीच्या पट्ट्यावर ठळक दिसणारी खूण पुढच्या पिढीच्या पट्ट्यावर उमटतच नाही.

चामड्याचा सपाट पट्टा

पट्टा मोटारीपेक्षा जुना आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्यांत वाफेच्या इंजिनाची ताकद छताखालच्या लांब शाफ्टवर येई आणि तेथून सपाट पट्ट्यांनी प्रत्येक यंत्रापर्यंत पोचे. मुंबईच्या कापडगिरण्यांतही हीच पद्धत होती आणि पिठाच्या गिरणीतला पट्टा त्याच कुळातला. सपाट पट्टा केवळ घर्षणावर चालतो. ताण कमी झाला की तो घसरतो, घसरला की तापतो, तापून गुळगुळीत होतो आणि मग आणखी घसरतो. अशा पट्ट्याला राळ लावणे हा कारखान्यांतला नेहमीचा उपाय होता. राळेने पकड तेवढ्यापुरती परत येई, पण सैल पडलेला ताण सैलच राही. पट्ट्याचा आवाज बंद करणे आणि बिघाड दूर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या तीनचाकी मोटारीत इंजिनाची ताकद पट्ट्याने आडव्या शाफ्टवर आणि तेथून साखळ्यांनी मागच्या चाकांवर जाई. चाके फिरवण्याचे काम पुढे गिअर आणि शाफ्टकडे गेले आणि पट्टा इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या पंख्यापुरता उरला. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्ड मॉडेल टी गाडीत असाच सपाट पट्टा केवळ पंखा फिरवत असे. बहुतेक मॉडेल टी गाड्यांना पाण्याचा पंप नव्हता. गरम पाणी वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते, एवढ्या तत्त्वावर पाणी खेळत राही. त्यामुळे पट्टा गेला तरी गाडी लगेच अडत नसे. रेडिएटर उकळू लागला की चालक पंख्याकडे पाही. पंखा थांबलेला दिसला की निदान पूर्ण झाले.

व्ही बेल्ट आणि तीन खुणा

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात चार्ल्स गेट्स यांच्या कंपनीत त्यांचे बंधू जॉन गेट्स यांनी १९१७ साली रबर आणि कापडाचा, पाचरीसारख्या छेदाचा पट्टा तयार केला. हाच व्ही बेल्ट. पुलीच्या निमुळत्या खाचेत तो दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा रुततो आणि ताण वाढला की पकडही वाढते. कमी रुंदीत जास्त ताकद वाहून नेणारा हा पट्टा मोटारींना फार सोयीचा ठरला.

तोवर मोटारीत वीज आली होती. कॅडिलॅकने १९१२ च्या गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी घडवलेला विजेचा स्टार्टर बसवला. स्टार्टर आला की बॅटरी सतत भरलेली ठेवणे आले. पुढे पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो एकाच पट्ट्यावर फिरू लागले. एका पट्ट्यावर तीन कामे आल्यामुळे त्याचा बिघाड तीन ठिकाणी दिसू लागला: चार्जिंगचा लाल दिवा, तापमानाचा काटा आणि कानाला ऐकू येणारी शीळ.

या तिन्ही खुणा एकत्र वाचण्यातून निदानाची पक्की रीत तयार झाली. लाल दिवा लागला आणि काटाही चढू लागला, तर पट्टा तुटला किंवा फार सैल झाला. दिवा लागला पण तापमान जागेवर आहे, तर पट्टा ठीक असून दोष बहुधा डायनॅमोत किंवा रेग्युलेटरमध्ये आहे. काटा चढला पण दिवा विझलेला आहे, तर पट्टा फिरतो आहे आणि शोध पाणी, थर्मोस्टॅट व रेडिएटरकडे वळवायला हवा. बॉनेट उघडण्याआधीच निम्मे निदान होई.

उरलेले निम्मे डोळ्यांनी आणि अंगठ्याने करावे लागे. दोन पुलींमधल्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण अर्धा इंच, म्हणजे १२ मिलिमीटर, खाली गेला तर ताण बरोबर. सैल पट्टा घसरतो आणि बॅटरी अर्धपोटी राहते, तर फार घट्ट पट्टा डायनॅमो आणि पाण्याच्या पंपाचे बेअरिंग खातो. व्ही बेल्टची खरी पकड त्याच्या बाजूंवर असते. खाचेचा तळ घासून चकाकू लागला असेल, तर पट्टा झिजून तळाला टेकला आहे असे समजावे. असा पट्टा कितीही ताणला तरी घसरणारच.

घाटातला फॅन बेल्ट

भारतातल्या रस्त्यांवर काही दशके दोन गाड्यांचे राज्य होते. बंगालमधल्या उत्तरपाडा येथे तयार होणारी हिंदुस्तान अँबेसेडर १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बनत राहिली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० आणि पुढे प्रीमियर पद्मिनी बनवली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. दोन्ही गाड्यांच्या मूळ इंजिनांत कॅमशाफ्ट साखळीने फिरे. साखळी सैल झाली तर खडखडते, पण सहसा एकाएकी तुटत नाही. म्हणून या गाड्यांच्या चालकाला चिंता असे ती फॅन बेल्टची.

बोरघाट किंवा कसारा घाट चढताना ही चिंता खरी ठरे. चढावर गाडीचा वेग कमी असतो, म्हणून रेडिएटरला समोरून वारा कमी मिळतो. इंजिनावर भार मात्र सर्वाधिक असतो. थंडावा पूर्णपणे पंख्यावर आणि पाण्याच्या पंपावर अवलंबून राहतो. सपाट रस्त्यावर थोडा घसरणारा पट्टा कोणाच्या लक्षातही येत नाही, पण घाटात त्याच घसरणीने पाणी उकळते. म्हणून जाणते चालक घाटाआधी बॉनेट उघडून पट्टा दाबून पाहत आणि एक नवा फॅन बेल्ट डिकीत ठेवत. तो बदलायला गॅरेज लागत नसे. डायनॅमोचे बोल्ट सैल करून तो इंजिनाकडे ढकलायचा, पट्टा चढवायचा, डायनॅमो बाहेर ओढून ताण धरायचा आणि बोल्ट आवळायचे. मदुराईची फेनर किंवा नागपूरची पिक्स अशा भारतीय कंपन्यांनी पट्टे देशातच बनवले.

खाचांचा लांब पट्टा

क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत डायनॅमोऐवजी आल्टरनेटर दिला आणि पुढे इतरांनीही तोच मार्ग धरला. पॉवर स्टिअरिंग आणि एअर कंडिशनर आले, तसे इंजिनाच्या तोंडाशी दोन-तीन व्ही बेल्ट झाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची जागा एका रुंद, लांबीच्या दिशेने अनेक बारीक खाचा असलेल्या पट्ट्याने घ्यायला सुरुवात केली. १९७९ ची फोर्ड मस्टँग हे त्याचे सुरुवातीचे ठळक उदाहरण. स्प्रिंगचा टेन्शनर त्याचा ताण आपोआप सांभाळतो, त्यामुळे अंगठ्याची परीक्षा येथे चालत नाही.

त्याऐवजी पाण्याची परीक्षा रुजली. इंजिन चालू असताना, हात दूर ठेवून, आवाज करणाऱ्या पट्ट्याच्या खाचांवर थोडे पाणी फवारायचे. चिवचिव थोडा वेळ थांबली तर पुली एका रेषेत नाहीत. आवाज वाढला तर ताण कमी आहे, म्हणजे टेन्शनर थकला आहे. पाण्याने काहीच फरक पडला नाही तर एखादे बेअरिंग तपासावे. आवाज बंद करण्यासाठी पट्ट्यावर फवारली जाणारी औषधे म्हणजे गिरणीतल्या राळेचाच नवा अवतार. ती निदान झाकतात.

दात्यांचा पट्टा

दाते असलेला रबरी पट्टा १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या गिल्मर कंपनीने शिवणयंत्रांसाठी काढला. सुईची आणि खालच्या दोऱ्याची चाल जुळती ठेवणे हे त्याचे काम होते. कॅमशाफ्टलाही नेमकी हीच गरज असते. पश्चिम जर्मनीतल्या हान्स ग्लास यांच्या कंपनीने १९६२ साली ग्लास १००४ या गाडीत कॅमशाफ्टसाठी असा पट्टा वापरला. मोठ्या प्रमाणावर बनलेल्या गाड्यांत तो पहिला. १९६६ साली पाँटियाकचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी फियाटसाठी रचलेले दोन कॅमशाफ्टचे इंजिन आले. हा पट्टा साखळीपेक्षा स्वस्त आणि शांत होता आणि त्याला तेल लागत नव्हते. भारतात सामान्य मेकॅनिकची त्याच्याशी गाठ पडली ती मुख्यतः १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मुळे.

या पट्ट्याने निदानाची जुनी घडी मोडली. तो झाकणाआड असतो. झिजला तरी बहुधा शीळ घालत नाही आणि लाल दिवाही लावत नाही. चालत्या गाडीचे इंजिन अचानक बंद पडते, हीच त्याची खूण. पुन्हा सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलके आणि जलद फिरते, कारण व्हॉल्व्ह हलत नाहीत आणि सिलिंडरांत नेहमीसारखा दाब तयार होत नाही. ज्या जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर चालतो, तेथे त्याची टोपी काढून सेल्फचा छोटा झटका द्यावा. आतला रोटर फिरला नाही तर पट्टा तुटला आहे. तेल भरायच्या तोंडातून कॅमशाफ्ट दिसत असेल तर तेथूनही हेच कळते. मात्र सेल्फ वारंवार मारू नये. अनेक इंजिनांत पट्टा तुटल्यावर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला धडकतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. नवा पट्टा बसवल्यावर सिलिंडरांतला दाब मोजला की नुकसान किती झाले ते कळते.

तुटलेल्या पट्ट्याची परीक्षा

तुटलेला पट्टा फेकून देण्याआधी नीट पाहावा, कारण तुटण्याचे कारण त्याच्यावर लिहिलेले असते. एकाच पट्टीतले लागोपाठ दाते साफ निघाले असतील, तर कॅमशाफ्ट किंवा पाण्याचा पंप जाम झाला होता आणि अडलेल्या पट्ट्याखाली क्रँकशाफ्टची पुली फिरत राहिली. सरळ, स्वच्छ तुकडा पडला असेल, तर बसवताना किंवा त्याआधी पट्टा दुमडला गेल्याने आतले धागे मोडले होते. एक कडा घासून झिजली असेल, तर पुली वाकडी आहे किंवा टेन्शनरचे बेअरिंग गेले आहे. रबर फुगून मऊ पडले असेल, तर तेलाची गळती आहे. हे कारण न शोधता नवा पट्टा चढवला, तर तोही त्याच रीतीने जातो. त्यामुळेच पट्ट्याबरोबर टेन्शनर आणि पट्ट्यावर चालणारा पाण्याचा पंपही बदलण्याची पद्धत रूढ झाली.

भेगा न पडणारे रबर

कृत्रिम रबर निओप्रीन १९३१ मध्ये ड्यू पाँ कंपनीने बाजारात आणले आणि पुढची अनेक दशके मोटारीचे पट्टे त्याचेच होत. उष्णतेने ते कडक होते आणि त्याला आडव्या भेगा पडतात. पट्टा उलटवून भेगा मोजणे हे मेकॅनिकचे हुकमी साधन झाले. १९९० च्या दशकापासून बाहेरच्या पट्ट्यांत ईपीडीएम हे रबर रुळू लागले. ते अधिक टिकते, पण त्याला सहसा भेगा पडत नाहीत. टायरची नक्षी झिजावी तशा त्याच्या खाचा हळूहळू रुंदावतात, आणि ही झीज प्लास्टिकच्या साध्या मापपट्टीनेच कळते. भेगा शोधणाऱ्या डोळ्याला असा झिजलेला पट्टा निर्दोष दिसतो.

पट्टा जितका सुधारला तितका तो अबोल झाला, हे या इतिहासाचे सार आहे. बाहेरचा पट्टा अजून पाहता, ऐकता आणि मोजता येतो. टायमिंग बेल्टच्या बाबतीत मात्र तो कधी बसवला आणि गाडी त्यावर किती धावली, ही नोंदच सर्वांत भरवशाचे निदान आहे. उत्पादक तो बदलण्यासाठी किलोमीटरांची आणि वर्षांचीही मर्यादा देतात, कारण उभ्या गाडीतही रबर म्हातारे होते. जुनी गाडी विकत घेताना ही नोंद मिळाली नाही, तर पट्ट्याची मुदत संपली असेच धरावे, तो बदलून घ्यावा आणि तारीख व किलोमीटर बॉनेटखाली लिहून ठेवावेत.