मतभेदाची लेखी नोंद

पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. आजीव सदस्यांनी बाहेरची मिळकत व व्याप टाळून सर्वस्व संस्थेला वाहावे, हा टिळकांचा आग्रह होता. आगरकर, गोखले आदींना संसार व इतर सार्वजनिक कार्य यांसाठी सवलत हवी होती. १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. आपली बाजू मात्र सविस्तर लिहून ठेवली. संस्था मोडली नाही. १८९२ साली आगरकर फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. टिळकांची शक्ती ‘केसरी’कडे वळली.

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आम्हां मराठी मंडळींच्या संस्थांतही ग्रंथालय कोणासाठी, उत्सव कशासाठी, हे वाद होतात. पण ते कुजबुजीतच विरतात आणि माणसे मुकाट्याने दुरावतात. मतभेद इतिवृत्तात उतरला, तर आपण का दुरावलो, हे निदान पुढच्या पिढीला कळेल.