नायिकेची टवाळी आणि बुलढाण्याचे उत्तर

वऱ्हाडात आदर्श स्त्रियांची वानवा कधीच नव्हती. अगस्त्याची लोपामुद्रा, नळाची दमयंती, अजाची इंदुमती आणि कृष्णाची रुक्मिणी या चौघीही पुराणांत व काव्यांत विदर्भाच्या राजघराण्यातल्या म्हणून येतात. त्यांपैकी रुक्मिणीचे माहेर अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूरला होते अशी श्रद्धा आहे. याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदाइसा हिने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर धवळे, म्हणजे लग्नप्रसंगी म्हणावयाची गीते रचली, आणि मराठीतील आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. रुक्मिणीचे गाणे या भूमीत प्रथम एका बाईच्या तोंडून आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे सहा शतकांनी नाटकमंडळ्या आणि छापखाने यांच्या हाती आदर्श नायिका सापडल्या तेव्हा त्यांना घडविणारे, रंगभूमीवर वठविणारे, त्यांच्यावर लुब्ध होणारे आणि त्यांना हसणारे असे सगळेच पुरुष होते.

विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यानंतर पौराणिक नाटकांचा जो प्रघात पडला त्यात 1850 च्या दशकापासून मुख्य खेळाला फार्स जोडला जाऊ लागला. फार्स म्हणजे समकालीन विषयावरचे छोटे, हसरे आणि पुष्कळदा अर्वाच्य प्रहसन. एका रात्रीच्या कार्यक्रमाचा हा क्रम जवळून पाहिला तर बरेच काही उलगडते. पूर्वरात्री सीता किंवा द्रौपदी रंगभूमीवर येई, तिचे हाल पाहून प्रेक्षक डोळे पुसत; आणि उत्तररात्री त्याच मंडळीतील स्त्रीपार्टी नट, म्हणजे लुगडे नेसून स्त्रियांच्या भूमिका करणारा पुरुष, कजाग बायको, चळलेली विधवा किंवा चार अक्षरे शिकून शेफारलेली सून होऊन येई, आणि तेच प्रेक्षक पोट धरून हसत. या दोन्ही चित्रांचा गिऱ्हाईक एकच होता. फार्समधल्या बाईचा गुन्हा बहुधा एवढाच असे की ती पूर्वरात्रीच्या सीतेसारखी नव्हती.

कादंबरीनेही हीच जोडी पुढे चालविली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (1861) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (1868) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी वाचकांना अशा नायिका दिल्या की ज्यांचे सौंदर्य आणि शील संकटागणिक उजळत जावे. दुसरीकडे ‘स्त्रीचरित्र’ या नावाखाली बायकांच्या कपटाच्या कथा आवडीने वाचल्या जात होत्या. ‘चरित्र’ या शब्दाचा सरळ अर्थ वर्तन किंवा जीवनक्रम असा आहे, पण त्यामागे ‘स्त्री’ लागले की मराठीत त्याचा अर्थ लबाडी असा होतो, आणि बाईच्या मनाचा थांग ब्रह्मदेवालाही लागत नाही हे वाक्य चारचौघांत टाकले की एकही पुरावा न देता वाद जिंकता येतो. भाषेने पुरुषांची करून ठेवलेली एवढी मोठी सोय दुसरी क्वचितच असेल.

निजामाकडून 1853 मध्ये कंपनी सरकारच्या ताब्यात आलेल्या वऱ्हाडाचे पुढे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचे ठाणे अमरावतीला आणि पश्चिमेचे अकोल्याला पडले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1860 च्या दशकात कापसाचा भाव चढला, मुंबईहून निघालेली आगगाडी वऱ्हाडातून 1867 मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली, आणि कचेऱ्या, शाळा व बाजारपेठा यांच्याभोवती कारकून, मास्तर आणि वकील यांचा एक वाचणारा, नाटक पाहणारा वर्ग उभा राहिला. पश्चिम वऱ्हाडातील बुलढाण्याला अशाच एका कचेरीत बापूजी हरी शिंदे हे मुख्य कारकून होते. ते सत्यशोधक समाजाचे सभासद होते, आणि आपली मुलगी ताराबाई हिला त्यांनी घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले.

ताराबाईंचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक 1882 मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती 500 आणि किंमत नऊ आणे. त्याला निमित्त झाले सुरतेच्या एका खटल्याचे. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल 1881 मध्ये फाशीची शिक्षा सुनावण्यात आली, पुढे ती सौम्य करण्यात आली, आणि या निमित्ताने वर्तमानपत्रांनी एकट्या विजयालक्ष्मीवर न थांबता समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. ताराबाईंनी या लेखनाला उत्तर दिले हे सर्वश्रुत आहे. मात्र त्यांनी ‘स्त्रीचरित्र’, ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ आणि 1871 चे ‘मनोरमा’ नाटक यांनाही नावानिशी जाब विचारला, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. वर्तमानपत्रातील निंदा आणि करमणुकीच्या पुस्तकातील नायिका यांचा उगम एकच आहे, हे त्यांनी ओळखले होते.

त्यांच्या युक्तिवादाची तऱ्हा अस्सल घरगुती आणि म्हणूनच झोंबणारी आहे. सावित्रीने नवऱ्यासाठी यमाचा पिच्छा पुरविला, ही कथा बायकांना उठता-बसता ऐकविली जाते. तर मग बायकोचे प्राण आणायला यमाच्या दारापर्यंत गेलेला एखादा नवरा कोणी ऐकला आहे काय, असा त्यांचा सवाल आहे. त्या सावित्रीची टवाळी करीत नाहीत; सावित्री दाखवून इतरांना खाली पाहायला लावणाऱ्याची करतात. पुराणांतील देवांची प्रकरणेही त्या सोडत नाहीत, आणि साहेबी पेहरावाची नक्कल करून वर देशाभिमान मिरविणाऱ्या सुशिक्षितांचे त्यांनी केलेले वर्णन तर फार्समधल्या कोणत्याही प्रवेशाला मागे टाकील. बाईला हसण्याचे जे हत्यार होते तेच त्यांनी उलट धरले, आणि नेमके तेच खपले नाही. पुस्तकावर टीका झाली, जोतीराव फुले यांनी 1885 मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंनी पुन्हा काही प्रसिद्ध केल्याचे आढळत नाही.

टवाळीचा विषय मात्र काळाबरोबर बदलत राहिला. पंडिता रमाबाईंनी 1882 मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला, 1884 मध्ये मुलींचे हायस्कूल निघाले, आणि सुधारकांच्या लेखनातून शिकलेली, विचारी, समंजस अशी एक नवी आदर्श स्त्री आकार घेऊ लागली. तिच्या पाठोपाठ लगेच नारायण बापूजी कानिटकर यांची ‘तरुणी शिक्षण नाटिका’ (1886) आली. शिकलेल्या मुली पुढे काय दिवे लावतील याचे भविष्य त्या नाटिकेत रंगविले आहे. जुनी आदर्श स्त्री इतर बायकांना हिणवण्यासाठी वापरली जात होती, नव्या आदर्श स्त्रीला तर थेट हिणवले गेले. पहिलीला निदान पूर्वरात्रीचा मान तरी होता.

याच वऱ्हाडात हास्याचा रोख दुसरीकडे वळविणारा लेखकही झाला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (1871–1934) यांनी अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद येथे वकिली केली, आणि ‘सुदाम्याचे पोहे’ या लेखांतून सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या या त्रिकुटाच्या आधारे सोवळेओवळे, मुहूर्त, लग्नातील देणीघेणी यांची रेवडी उडविली. येथे हसे होते ते रूढी पाळणाऱ्या पुरुषांचे. त्यांच्या ‘मतिविकार’ (1907) या नाटकाने विधवाविवाहाचा प्रश्न हाती घेतला. त्यांच्या नायिका बुद्धिमान आणि हजरजबाबी आहेत. कोल्हटकरांच्या नाटकांत पात्रे उठल्यासुटल्या कोट्या करतात ही तक्रार टीकाकारांनी पुष्कळदा केली आणि ती रास्तही आहे, परंतु सोसण्यापेक्षा बोलण्यात पटाईत असलेली नायिका प्रेक्षकांपुढे आणण्याचे धाडस त्या कोट्यांमागे आहे, हेही नोंदवायला हवे. तरीही ती नायिका रंगभूमीवर येई ती स्त्रीपार्टी नटाच्याच रूपाने.

खामगाव आणि जळगाव-जामोद ही दोन्ही गावे बुलढाणा जिल्ह्यातली. ‘सुदाम्याच्या पोह्यां’चा संग्रह प्रथम 1910 मध्ये निघाला, आणि ताराबाईंचे निधनही त्याच सुमारास झाल्याचे मानले जाते. मराठी विनोदाचे जनकत्व कोल्हटकरांकडे गेले ते योग्यच झाले. परंतु त्यांच्याआधी अठ्ठावीस वर्षे त्याच जिल्ह्यातून निघालेले आणि तितकेच बोचरे हसणारे पुस्तक विनोदाच्या इतिहासात कोणी धरले नाही. पाचशे प्रतींचे ते पुस्तक 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा ते स्त्रीमुक्तीच्या कपाटात ठेवले गेले आणि आजही तेथेच आहे.