शासकीय विधी महाविद्यालय, मुंबई : नामवंत पदवीधर

मुंबई येथील शासकीय विधिशिक्षणसंस्था. स्थापना १८५५. आशियातील सर्वांत जुन्या विधी महाविद्यालयांत तिची गणना होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ ते १९३८ या काळात तिचे प्राचार्य होते. संस्था शासनाची असली, तरी शासनाच्या अधिकारांना मर्यादा कोणत्या, या प्रश्नाची चर्चा तिच्या पदवीधरांनी न्यायासनावरून व वकिलीच्या व्यवसायातून दीर्घकाळ केली.

हरिलाल जेकिसनदास कानिया (१८९०–१९५१) हे भारताचे पहिले सरन्यायाधीश. ‘गोपालन’ खटल्यात (१९५०) त्यांनी बहुमताबरोबर प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा मुख्यतः वैध ठरविला.

संसदेला संविधानात हवा तो बदल करता येतो काय, हा प्रश्न ‘केशवानंद भारती’ खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठापुढे आला. अर्जदाराची बाजू नानी पालखीवाला (१९२०–२००२) यांनी मांडली. सोली सोराबजी (१९३०–२०२१) त्यांचे साहाय्यक होते. केरळ राज्यातर्फे महाराष्ट्राचे महाअधिवक्ता होरमसजी सीरवाई (१९०६–९६) उभे राहिले. तिघेही याच महाविद्यालयाचे पदवीधर होत. २४ एप्रिल १९७३ रोजी न्यायालयाने सात विरुद्ध सहा अशा मताधिक्याने निर्णय दिला : संविधानदुरुस्तीचा अधिकार व्यापक असला, तरी संविधानाची मूलभूत संरचना नष्ट करता येणार नाही.

जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर होताच पालखीवाला यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या निवडणूक-अपिलाचे वकीलपत्र परत केले. याच संस्थेचे पदवीधर फली नरिमन (१९२९–२०२४) यांनी केंद्र शासनाच्या अतिरिक्त महान्यायाभिकर्त्याच्या पदाचा राजीनामा दिला. सोराबजी पुढे दोनदा (१९८९–९० व १९९८–२००४) भारताचे महान्यायवादी झाले.

सीरवाई यांचा भारतीय संविधानविधीवरील इंग्रजी ग्रंथ १९६७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. आणीबाणीत स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद करणाऱ्या १९७६ च्या निर्णयावर त्यांनी १९७८ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहून कठोर टीका केली. ज्या मूलभूत संरचनेच्या तत्त्वास त्यांनी न्यायालयात विरोध केला होता, ते तत्त्व आणीबाणीच्या अनुभवानंतर त्यांनी मान्य केले व ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत तसे लिहिले. शासनाचा सर्वांत समर्थ वकीलच अखेर प्रतिपक्षाच्या मताकडे वळला, ही गोष्ट भारतीय संविधानाच्या इतिहासात लक्षणीय ठरते.